वाचकांचे प्रश्न : चौकोनी आस, जाळ्यातलं कासव आणि गावाची राखीव जागा

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावरचे आहेत. मासळी कमी होतेय, नियम वाढतायत आणि त्यांचा भार नेमका कुणावर पडतो, ही काळजी बहुतेक पत्रांत आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : ट्रॉलच्या खोल्याला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावा म्हणतात. डिझेल आधीच परवडत नाही. त्यात मासा निसटला तर फेरी तोट्यात जाईल. लावायचाच झाला तर नेमका कसा लावायचा? (एक नौकामालक, रत्नागिरी)

आस म्हणजे जाळ्याचा डोळा आणि खोला म्हणजे जाळ्याच्या टोकाची, मासा साठणारी पिशवी. नेहमीचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. ट्रॉल ओढताना खोल्यावर ताण आला की शंकरपाळी लांबट होत होत मिटते. म्हणजे दुकानात ४० मिलिमीटरचा म्हणून घेतलेला आस पाण्यात त्याहून कितीतरी बारीक होऊन बसतो. चौकोनी आसात निम्मे धागे ओढीच्या रेषेत असतात आणि ताण ते घेतात, म्हणून डोळा उघडा राहतो. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने ४० मिलिमीटर चौकोनी आसाची शिफारस केली ती याच कारणाने.

पहिली चूक मोजण्यात होते. आसाचं माप ताणून घेतात, एका गाठीच्या आतल्या कडेपासून समोरच्या गाठीच्या आतल्या कडेपर्यंत. ४० मिलिमीटर आस म्हणजे चौकोनाची एक बाजू साधारण २० मिलिमीटर. काही दुकानदार बाजूचं माप सांगतात, काही ताणलेलं. त्यामुळे पट्टी बरोबर न्या आणि एका ओळीतले २० डोळे मोजून सरासरी काढा. एकाच डोळ्यावरून निर्णय घेऊ नका.

जाळं शक्यतो बिनगाठीचं घ्या. गाठीच्या जाळ्यात ताण एकाच दिशेच्या धाग्यांवर येतो, गाठी सरकतात आणि महिन्याभरात चौकोन वाकडे होतात. कापताना कात्री धाग्याच्या सरळ रेषेत चालवा. नेहमीसारखं डोळ्याडोळ्यातून कापलंत तर पुन्हा शंकरपाळीच हाती येईल. जोडणीत खरी कसोटी आहे. पुढच्या भागातल्या शंकरपाळी डोळ्यांची संख्या आणि खोल्याच्या चौकोनांची संख्या जुळत नाही, म्हणून डोळ्याला डोळा बांधत गेलात तर शेवटी एका बाजूला झोळ येतो. दोन्ही घेरांचे चार सारखे भाग करा, रंगीत दोऱ्याने खुणा करा, आधी चारही खुणा बांधा आणि मग एकेका भागातले जास्तीचे डोळे सारखे वाटून घ्या. घेर गरजेपेक्षा मोठा ठेवू नका, कारण घड्या पडल्या की डोळे झाकले जातात. खोल्याच्या लांबीवर बाजूने दोर बसवा आणि तो जाळ्यापेक्षा थोडा आखूड ठेवा, म्हणजे भरलेला खोला वर घेताना वजन दोरावर येईल. हा दोर नसेल तर पहिल्याच जड ओढीत जाळं फाटतं आणि दोष मात्र चौकोनी आसाला लागतो.

तळाला घासू नये म्हणून जुनं जाळं लावायचं तर फक्त खालच्या अंगाला लावा. बारीक मासा बहुतेक वरच्या अंगाने बाहेर पडतो. वरून दुसरं जाळं चढवलं तर सगळा खर्च वाया जातो. ओढीचा वेळही पाहा. खोला भरला, जेलीफिश किंवा गाळाने डोळे बुजले की कुठलाही आस निरुपयोगी होतो, म्हणून चार तासांच्या एका ओढीपेक्षा दोन तासांच्या दोन ओढी बऱ्या.

आता तोट्याचं. सुरुवातीला वजन घटतं, हे खरंच आहे. पण घटतो तो भाग मुख्यतः फिशमीलच्या, म्हणजे मासळीची पूड करणाऱ्या कारखान्याला जाणाऱ्या बारीक मासळीचा. दहा फेऱ्या वहीत चार रकाने ठेवा : विकाऊ मासळी, फिशमीलची मासळी, डिझेल, आणि निवडायला लागलेला वेळ. वजनाऐवजी पैशात हिशेब केला की चित्र बदलतं. तरीही एकट्या नौकेने हे करावं असं आम्ही सांगणार नाही. तुम्ही सोडलेलं पिल्लू शेजारच्या नौकेच्या खोल्यात जाणार असेल तर तो तुमच्यावर अन्याय आहे. बंदराच्या मच्छीमार सोसायटीने जाळं घाऊक घ्यावं, १ ऑगस्टला मोसम उघडताना सगळ्या नौका एकाच दिवशी बदलाव्यात आणि सोसायटीच्याच दोन तांडेलांनी (नौकेच्या प्रमुखांनी) धक्क्यावर खोले तपासावेत. बाहेरच्या अधिकाऱ्याला चुकवता येतं, शेजारच्या तांडेलाला चुकवणं जड जातं.

प्रश्न : बाजारात तळहातात मावतील एवढी पापलेटं सर्रास दिसतात. किती लांबीचं पापलेट कायदेशीर? आम्ही ग्राहकांनी काय बघायचं? (एक वाचक, ठाणे)

राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट, म्हणजे सरंगा, १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७००. पापलेटाला त्याच वर्षी राज्यमाशाचा मानही मिळाला. शाळेतल्या १५ सेंटीमीटरच्या पट्टीत जे पापलेट दीड सेंटीमीटर राखून मावतं, ते जेमतेम कायद्यात बसलेलं असतं. मोजताना तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत माप घ्या. शेपटीची लांब टोकं त्यात येत नाहीत, त्यामुळे या मापाने मासा १३५ भरला तर त्यावर वाद घालायला जागा राहत नाही.

पण १३५ ही खालची मर्यादा आहे. एवढ्या लांबीचं पापलेट अंडी घालायच्या वयात आलेलं असतंच असं नाही. ग्राहकाने त्याहून बरंच मोठं मागावं. आणि हुज्जत कोळणीशी घालू नका. ती लिलावात जे आलं ते घेते. बारीक मासा जाळ्यात येतो तिच्या कितीतरी आधी. 'बारीक नको, मोठं आलं की ठेवा' हे नेहमीच्या गिऱ्हाईकाने दर आठवड्याला सांगितलं तर ते लिलावापर्यंत पोचतं.

प्रश्न : आमची डोलीची (एका जागी बांधून ठेवलेल्या जाळ्याची) मासेमारी. जवळा, करंदी, बोंबील. बारीक आसाशिवाय जवळा कसा यायचा? सगळे नियम ट्रॉलवाल्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेत असं वाटतं. (एक वाचक, वसई)

तुमची तक्रार रास्त आहे. जवळा हा पूर्ण वाढला तरी बोटाच्या दोन पेरांएवढाच. त्याला ४० मिलिमीटरचा आस म्हणजे उघडं दार. शिवाय डोल कुठे जात नाही. ती कवीला, म्हणजे समुद्रात ठरलेल्या जागी रोवलेल्या खुंटांना, बांधलेली असते आणि भरती-ओहोटीच्या ओढीने जे येईल ते घेते. तांडेलाला मासा निवडता येत नाही. निवडता येतात त्या तीन गोष्टी : कव कुठे, खोला कुठला आणि जाळं कधी.

त्यातला खोला सर्वांत सोपा. जवळ्याचा बारीक खोला आणि बोंबलाचा मोठ्या आसाचा खोला वेगवेगळे ठेवा, जवळा ओसरला की बदला. वर्षभर बारीकच लावून ठेवला की बोंबलाची बोटभर पिल्लं येतात. ती वळांडीवर (मासळी सुकवायच्या मांडवावर) टाकली तर सुकून जवळजवळ काहीच उरत नाही आणि भावही मिळत नाही. दुसरी गोष्ट, वेळ. उधाणाला पाण्याची ओढ जोरात असते, तेव्हा मासा खोल्यात दाबला जातो आणि मेलेलाच वर येतो. अशा दिवसांत जाळं भरतीच्या एका फेऱ्यापेक्षा जास्त पाण्यात ठेवू नका. सलग दोन उपशांत पापलेटाची पिल्लं टोपलीभर आली तर त्या जागेवरचं जाळं पुढच्या भांगापर्यंत (पाण्याची ओढ कमी असते त्या दिवसांपर्यंत) उचलून ठेवावं, असा ठराव सोसायटीत करता येतो. जागा वाटून दिलेल्या असतात, म्हणून एका कुटुंबाचा मोसम बुडू नये यासाठी त्याला तात्पुरती दुसरी कव द्यायची सोय ठरावातच लिहा. ती नसेल तर ठराव पहिल्याच आठवड्यात मोडतो.

प्रश्न : जाळ्यात कासव किंवा मोठा बहिरी मासा अडकला तर जाळं कापावं लागतं. भरपाई मिळते असं ऐकलं, पण कागद काय लागतात? आणि कासव मेल्यासारखं दिसलं तर? (काही खलाशी, देवगड)

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तिथे घाई होते. जाळ्यात बराच वेळ बुडालेलं कासव निपचित पडतं, पण ते मेलेलं असेलच असं नाही. त्याला पोटावरच ठेवा; पाठीवर उलटं कधीही ठेवू नका. मागची बाजू वीतभर उंच करा, म्हणजे फुप्फुसातलं पाणी तोंडावाटे निघतं. सावलीत ठेवा, अंगावर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. तोंडात पाणी ओतू नका. अधूनमधून डोळ्याच्या कडेला किंवा शेपटीला हलका स्पर्श करून हालचाल होते का पाहा. शुद्धीवर यायला काही तास लागतात, कधी पूर्ण दिवसही. हालचाल नसताना पाण्यात टाकलं तर ते हमखास बुडतं. सोडताना इंजिन गिअरमधून काढा, जाळी पाण्यात नाहीत ना पाहा, आणि नौकेच्या बाजूने, पाण्याच्या जवळून, डोकं पुढे करून सोडा.

बहिरी, म्हणजे व्हेल शार्क, नौकेवर घ्यायचा प्रश्नच नाही. इंजिन बंद करा आणि तो शांत होईपर्यंत जाळं ढिलं सोडा. शेपटीला दोर बांधून ओढू नका; मासा मागे ओढला गेला की कल्ल्यांतून पाणी नीट वाहत नाही. डोक्याच्या बाजूने जाळं लांबट चिरा, कल्ल्यांजवळचे धागे आधी. तुकडे अंगाला लोंबकळत ठेवू नका.

भरपाईची योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग ती मिळून चालवतात. वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा प्राणी जिवंत सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा पुराव्यावर. चित्रण करताना तीन गोष्टी एकाच चित्रफितीत याव्यात : प्राणी जाळ्यात असताना, जाळं कापताना आणि प्राणी पोहत जाताना, मधे कुठेतरी नौकेचा नोंदणी क्रमांक स्पष्ट दिसावा. जीपीएसवरचा ठिकाणाचा आकडा आणि वेळ लिहून ठेवा. फाटलेलं जाळं किनाऱ्यावर पसरून फोटो काढा, पंचनाम्याआधी शिवू नका. नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, आधार आणि बँक पासबुक यांच्या प्रती जोडून अर्ज तुमच्या परवाना अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. प्राणी धक्क्यावर आणलात तर भरपाई दूरच, उलट गुन्हा होतो. किनाऱ्यावर जखमी कासव दिसलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पैसे नौकामालकाच्या खात्यात येतात आणि पाण्यात उतरून धारदार सुरीने जाळं कापतो तो खलाशी. त्याचा वाटा किती, हे मोसमाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवा. जिथे हे ठरलेलं नसतं तिथे कासव गुपचूप बाजूला टाकलं जातं.

प्रश्न : आमच्या बचत गटाला कांदळवनाच्या कडेला कुर्ल्या (खेकडे) पाळायच्या आहेत. फायदा होतो का? (एक महिला बचत गट, वेंगुर्ला तालुका)

होतो, पण पहिल्या वर्षी क्वचितच. कांदळवनाच्या उपजीविका योजनेत गटाच्या प्रकल्पाला ९० टक्के आणि वैयक्तिक प्रकल्पाला ७५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. एकही झाड तोडायचं नाही, ही मूळ अट. म्हणून आधी जागेचा सातबारा पाहा. जागा वनखात्याची की खाजगी, यावर सगळं पुढचं काम अवलंबून आहे.

कुर्लीचं पहिलं शत्रुत्व दुसऱ्या कुर्लीशी. कात टाकल्यावर ती काही तास मऊ असते आणि बाकीच्या तिला खाऊन टाकतात. म्हणून चौरस मीटरला एकापेक्षा जास्त पिल्लू सोडू नका आणि लपायला फुटकी मडकी, कौलं, पाइपचे तुकडे भरपूर टाका. सोडताना पिल्लं एकाच आकाराची असू द्या. जाळीचं कुंपण चिखलात हातभर खोल गाडा, कारण कुर्ली खालून उकरून जाते. वरच्या कडेला प्लॅस्टिकची गुळगुळीत पट्टी लावा, म्हणजे चढता येत नाही. वाढीला आठ-दहा महिने लागतात. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं तेव्हा मरतूक वाढते, म्हणून माल जूनच्या आत निघेल असा हिशेब धरून पिल्लं सोडा.

लवकर पैसा हवा असेल तर मोठी पण आतून पोकळ, नुकती कात टाकलेली कुर्ली घेऊन तीन-चार आठवडे पोसायची पद्धत बरी. प्रत्येकीला स्वतंत्र डबा किंवा कप्पा लागतो. खाणं रोज वजनाच्या ५ ते १० टक्के. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाका, नाहीतर पाणी सडतं.

दोन गोष्टी गटात मोकळेपणाने बोला. खाडीतली लहान पिल्लं गोळा करून आणली तर तुम्ही खाडीच रिकामी कराल, म्हणून उबवणी केंद्रातलीच पिल्लं घ्या. आणि खाणं म्हणून बारीक मासळी विकत घेतली तर वर रत्नागिरीच्या उत्तरात ज्या मासळीबद्दल लिहिलं, तिलाच तुम्ही गिऱ्हाईक मिळवून देता. बाजारातली मासळीची डोकी-आतडी आणि शिंपल्यांचं मांस यांवर काम भागतं. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. त्यात मरतूक नाही आणि चोरीही नाही. पालनासोबत तेही करता येईल का, याचा विचार करा.

प्रश्न : मालवणचं सागरी अभयारण्य मच्छीमारांनी कधी मनापासून स्वीकारलं नाही. मग राखीव जागा करायच्याच नाहीत का? (एक वाचक, मालवण)

करायच्या, पण मालवणमध्ये जसं झालं तसं नव्हे. १९८७ मध्ये २९.१२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटर गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. प्रवाळ, शैवाल, खडपातली (समुद्रातल्या खडकांतली) मासळी या सगळ्यासाठी जागा योग्यच होती. पण रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांना, गळ टाकणाऱ्यांना, खडपावर कालवं फोडणाऱ्या बायकांना कुणी आधी विचारलं नाही. आपला समुद्र कागदावर दुसऱ्याचा झाला, ही भावना त्या दिवसापासून टिकून आहे, आणि ती कितीही शिबिरं घेतली तरी जात नाही.

गावाने स्वतः राखीव जागा ठरवायची तर नकाशापासून सुरू करू नका, खडपांच्या नावांपासून करा. जुन्या तांडेलांना बसवून कुठल्या वावावर (किती खोल पाण्यात) काय मिळायचं, आता काय मिळतं, हे लिहून घ्या. जागा लहान घ्या, पाऊण-एक चौरस किलोमीटर पुरे, आणि किनाऱ्यावरून दोन खुणांच्या रेषेत दिसेल अशी घ्या : देवळाचं शिखर आणि अमुक खडप, टेकडी आणि दीपगृह. नुसते अक्षांश-रेखांश होडीवाल्याला उपयोगी पडत नाहीत आणि बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) पावसाळ्यात वाहून जातात.

मुदत ठरवा, दोन किंवा तीन वर्षं. कायमची बंदी म्हटली की कुणी सही करत नाही; मुदत असली की लोक बघू तर, म्हणून तयार होतात. बंद जागेमुळे कुणाचं किती जातं ते आधी मोजा. रापणीची ओढ त्या जागेतून जात असेल तर रापणकरांचा तोटा सर्वांत जास्त, गिलनेटवाल्यांचा (पाण्यात उभं जाळं लावणाऱ्यांचा) थोडा, पर्यटनवाल्यांचा उलट फायदा. स्कूबा आणि स्नॉर्केलिंगच्या होड्या याच खडपांवर कमावतात. त्यांनी माणशी ठराविक रक्कम गावाच्या खात्यात भरावी आणि ती रापणीच्या वाट्यात जावी, हे लेखी करून घ्या. या एका कलमावर सगळं टिकतं किंवा मोडतं.

मोजणीही गावानेच करावी. महिन्यातून दोनदा, त्याच दोन भांगांना, त्याच जागेच्या कडेला तेवढेच गळ तेवढाच वेळ टाकून किती आणि केवढे मासे आले ते लिहायचं. वही देवळात किंवा सोसायटीत, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. एक कायद्याची अडचण लक्षात ठेवा : १२ सागरी मैलांच्या आतल्या मासेमारीवर १९८१ च्या राज्य कायद्याचा अंमल आहे, त्यामुळे बाहेरून आलेली नौका गावाला स्वतः पकडता येत नाही. ठरावाची प्रत सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांना आधी द्या. घुसखोरी झाली तर नौकेचा क्रमांक, वेळ आणि फोटो घेऊन कळवा. समुद्रात नौकेला नौका भिडवू नका.

प्रश्न : आमच्या गावात बोंबील सुकवायची जागा पिढ्यान्‌पिढ्यांची, पण किनारा नियमनाच्या (सीआरझेड) नकाशात ती रिकामी दाखवलीय. काय करावं? (एक वाचक, पालघर जिल्हा)

वळांड्या वर्षातले काही महिनेच उभ्या असतात, आणि पावसाळ्यात जागा मोकळी दिसते. म्हणून मोसमात, वळांड्या भरलेल्या असताना, चारही कोपऱ्यांतून तारखेसह फोटो काढा. मोबाइलवर कोपऱ्यांचे जीपीएस आकडे नोंदवा. किती कुटुंबं, कुठले महिने, होड्या ओढायची वाट कुठली, जाळी शिवायची जागा कुठली, हे लिहून ग्रामसभेचा ठराव करा. ठरावावर सुकवणाऱ्या बायकांच्या सह्या असू द्या. जागा प्रत्यक्ष त्याच वापरतात. सगळं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा किनारा समितीकडे द्या. किनारा नियमनाच्या अधिसूचनेप्रमाणे या समितीत किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत, त्यात मच्छीमारही आले. तुमच्या जिल्ह्यात ते कोण आहेत, हे माहिती अधिकारात विचारा, आणि अर्ज देताना त्यांनाही बरोबर न्या.

प्रश्न : १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तरी बाजारात ताजे मासे कसे? (एक वाचक, पुणे)

ही ६१ दिवसांची बंदी यांत्रिक नौकांना आहे. बिगरयांत्रिक होड्यांना आणि खाडीतल्या मासेमारीला नाही. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडची मासळी इकडे येते. शिवाय कोळंबी शेततळ्यातली, आणि बरंचसं पापलेट-सुरमई बर्फघरातली. विक्रेत्याला 'कुठलं?' असं सरळ विचारा. खाडीतली बोयटं, जिताडा, चिंबोऱ्या या दिवसांत घेतलीत तर पैसा लहान होडीवाल्याच्या घरी जातो. मात्र पोटात अंडी असलेली चिंबोरी तेवढी टाळा.